भेटीची वेळ चार ते सहा

सोमवार, २ जुलै २०१२

आले एकदाची! दादा सोडायला येणार होता, पण ऐन वेळी त्याचं दुकान आडवं आलं. नेहमीचंच. मग मी आणि माझ्या दोन बॅगा असे आम्ही नाशिकहून गोंदियाला रेल्वेने आलो आणि तिथून दीड तास एस.टी.ने आत. मोठी बॅग पाहून कंडक्टर म्हणाला, "अख्खं घर आनलं का जी मॅडम?" मी म्हटलं, घर मागेच राहिलं, हे नुसते कपडे. तिकीट फाडता फाडता त्याने मला दवाखान्यातल्या सगळ्यांची कुंडली ऐकवली.

दवाखाना मला आवडला. पिवळ्या भिंती, फाटकाशी मोहाचं झाड, मागे थेट भाताची खाचरं, इथे त्यांना बांध्या म्हणतात. माझं पद समाजसेवकाचं, तेही कंत्राटी, पण दारावर नावाची पाटी मिळाली. प्रेमिला सिस्टरनी चहा पाजला आणि माझं काम एका दमात सांगून टाकलं: मनाच्या आजारातून बरे झालेले पेशंट न्यायला कोणी येत नाही, ते माणूस शोधून आणायचं. एवढंच ना! कॉलेजात मी एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या मैत्रिणींना एका डब्यात जेवायला लावलंय.

क्वार्टरही छान आहे. नळाला पाणी येतं. भिंतीवरच्या पालीलाच माझी भीती वाटते.

गुरुवार, ५ जुलै

स्त्रियांच्या वॉर्डच्या टोकाला एक छोटी खोली आहे. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे. आता दोन खाटा आहेत आणि दोन मुली. सोनिका सतरा वर्षांची, लांबसडक वेणी, बोलायला फटकळ. दोनदा स्वतःच्या जिवावर उठली होती. ओमेश्वरी सोळाची. दहावीनंतर तिला भिंतीतून आवाज यायला लागले आणि ती घरातून निघून जायला लागली. दोघी पोवार समाजातल्या, भाताची शेती असलेल्या बऱ्या घरच्या. गोळ्यांनी दोघींना आराम आहे. तरी डॉक्टर म्हणतात, त्यांना नीट सांभाळणारी जागा हवी, हा वॉर्ड त्यांच्यासाठी नाही.

ती जागा मी दिवसभर फोनवर शोधली. नागपूरच्या मनोरुग्णालयात जागा नाही, झाली तरी कोर्टाचा हुकूम आणि सोबत नातेवाईक पाहिजे. मुलींच्या बालगृहात गोळ्या चालू असलेली मुलगी घेत नाहीत. महिलांच्या वसतिगृहात अठराच्या आतली घेत नाहीत. आणि घरचे फोन उचलत नाहीत. मला संताप आला. दोन जिवंत पोरी आणि अख्ख्या विदर्भात त्यांना ठेवायला कोनाडा नाही!

चारला फाटक उघडतं. भेटीला लोक आत येतात, डबे उघडले जातात, सगळा वॉर्ड भाजीच्या वासाने भरतो. या दोघी तेव्हा वेण्या घालून खाटेवर ताठ बसतात. सहाला फाटक बंद झालं की पुन्हा आडव्या होतात. मी सोनिकाला म्हटलं, तुझ्या माणसाला मी आणते बघ. ती म्हणाली, "कायले उगीच बोलून राहिल्या मॅडम? येनाराला रस्ता मालूम आहे."

शनिवार, १४ जुलै

आज मी जग जिंकलं!

सव्वाचारला एक गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. पांढरा स्वच्छ शर्ट, हात जोडलेले. सोनिकाला न्यायला आलोय म्हणाले. मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांना घेऊन खोलीशी गेले, तर सोनिका खाटेवरून उडी मारून ओरडली, "मामा!" आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मामा फार सभ्य. कुठलीच तक्रार नाही, काही विचारलंसुद्धा नाही. मीच पोरीचा हात त्यांच्या हातात दिला आणि सांभाळा म्हटलं.

अधीक्षक साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. एक बेड रिकामा झाला. ओमेश्वरी मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, आता तुझा नंबर.

बुधवार, १८ जुलै

घाईत सोनिकाच्या गोळ्या द्यायच्या राहिल्या होत्या, म्हणून आज तिच्या गावी गेले.

ती घरी नाही. ती घरी आलेलीच नाही. तिची आई शांतीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मामा शेजारच्याच घरात राहतात, रामलाल नाव. हा माणूस मी कधीच पाहिलेला नाही. शनिवारी ते दिवसभर भाताच्या रोवणीला होते, गुडघाभर चिखलात, सोबत गावातल्या पंधरा-वीस बाया. मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी ते खाली मान घालून म्हणाले, "मले येवाचं होतं जी. रोज वाटे, आज जातो. मी त येनारच होतो." मग गडी ढसाढसा रडला.

शांतीबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमीच देल्ली ना कोनाले? मंग आमाले कायले पुसता?" परतीच्या बसमध्ये गोळ्यांची पुडी माझ्या मुठीत तशीच होती.

गुरुवार, १९ जुलै

पोलिसांत गेले. पोरीने स्वतः मामा म्हणून ओळखलं आणि तुम्हीच ताब्यात दिली, मग आता काय शोधायचं, असं म्हणत म्हणतच त्यांनी तक्रार लिहून घेतली. इकडे अधीक्षक साहेब म्हणाले, झालं ते झालं, फार वाच्यता करू नका.

मी तो माणूस आठवायला बसले. शर्ट आठवतो, जोडलेले हात आठवतात. चेहरा आठवत नाही. प्रेमिला सिस्टरना विचारलं तर त्या म्हणतात, माणूस कुठला, हिरव्या लुगड्यातली म्हातारी होती, पोरीची आत्या असेल. फाटकावरचा श्यामलाल म्हणतो, दोघीही चुकता आहात. "पोट्टी एकलीच गेली ना बाप्पा! बाजूले पाहून पाहून हसून बोलत होती. मी म्हटलं, पागल आहे, जाऊ दे."

मला खूप भीती वाटते आहे. ती गेली याची जास्त वाटते, की कोणालाच ती परत नको आहे याची, ते मला सांगता येत नाही.

सोमवार, २३ जुलै

तो आला होता.

बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर, भेटीला आलेल्या गर्दीत बसला होता. चार वाजून गेले होते, तरी लख्ख ऊन होतं. बाजूला एक बाई लेकराला पाजत होती. त्याने मला ओळखीची मान हलवली. मी रागाने समोर गेले आणि सोनिका कुठे आहे ते विचारलं. तो म्हणाला, ती आता कोणाची वाट पाहत नाही. मग हळू आवाजात मलाच विचारलं, दुसरीला न्यायला कोणी येणार आहे का? रोज फोनवर मी जसं विचारते, अगदी तसंच.

मी खोटं बोलले. म्हटलं, येणार आहे, तिचा भाऊ येणार आहे, राखीला. त्याने मान डोलावली. मग म्हणाला, तुम्हीही इथे एकट्याच असता, तुमचं कोण येतं? त्याच्या आवाजात इतकी माया होती की माझ्या तोंडून निघून गेलं: दादा येणार आहे, राखीलाच.

तो म्हणाला, बरं, राखीपर्यंत थांबतो. मी श्यामलालला हाक मारायला वळले. पुन्हा पाहिलं तर बाकावर ती बाई होती आणि तिचं लेकरू. तिला विचारलं. ती म्हणाली, तुमी एकल्याच उभ्या होत्या मॅडम.

गुरुवार, २६ जुलै

राखी गुरुवारी, २ ऑगस्टला. त्याआधी ओमेश्वरीला इथून हलवायला हवं, नाहीतर तिचा खरा भाऊ इथे हजर हवा. दुसरं काही मला सुचत नाही.

नागपूरला फोन केला. जागा झाली की कळवू. बालगृहाच्या बाईंनी माझा आवाज ओळखून फोन ठेवला. मग ओमेश्वरीच्या घरी केशोरीला गेले. वडील, बिसनलाल, पाठ करून बसून राहिले. भाऊ भुवनेश्वर चांगला वाटला. बहिणीचं नाव काढताच डोळे भरले. म्हणाला रोवणी उरकली की येतो. मी हात जोडून म्हटलं, राखीला या, चारच्या आत या. कबूल झाला. आईची शपथ घेतली.

येताना वाटलं, रामलालमामाही असेच कबूल झाले असते.

शनिवार, २८ जुलै

ओमेश्वरी आनंदात आहे. सोनिकाला नेलं तसं आपल्यालाही नेणार म्हणते. मी तिला सांगितलं, तो परका आहे, त्याच्याबरोबर जायचं नाही. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. मग म्हणाली, "परका राहो. येते त सही."

मी क्वार्टरवर जाऊन माझी चादर आणि उशी घेऊन आले.

मी सोनिकाच्या खाटेवर झोपायला आले आहे. या मुलीजवळ कोणीतरी असायला हवं.

सोमवार, ३० जुलै

प्रेमिला सिस्टर माझ्याशी फार हळू बोलतात. लहान मुलाशी बोलावं तसं. डॉक्टरांनी एक गोळी दिली, झोप नीट लागेल म्हणाले. घेतली नाही. साहेबांनी मला न विचारता नाशिकला फोन केला — घरचं कोणी येऊन मॅडमना घेऊन जा म्हणून.

दादा म्हणाला, राखीला येतो.

मी सांगितलं साहेबांना, मी पेशंट नाही. ते हो म्हणाले. सगळ्यांना तसंच हो म्हणतात.

मंगळवार, ३१ जुलै

दारावरची माझी पाटी काढली. रंग द्यायचा आहे म्हणे.

चार वाजता मी खाटेवर बसले होते. ओमेश्वरीच्या शेजारी, ताठ. माझं मलाच कळलं नाही कधी बसले. वेणी घातली होती — मी कधी वेणी घालत नाही.

बुधवार, १ ऑगस्ट

भुवनेश्वर फोन उचलत नाही. दादाला विचारलं, गाडीत बसलास का. तिकीट बघतो म्हणाला. आता बघतो? आज निघाला नाही तर उद्या इथे कसा —

नागपूरहून काही नाही.

बाकावर तो बसलेला असतो. रोज. मी बघत नाही त्याच्याकडे.

गुरुवार, २ ऑगस्ट. राखी

सकाळपासून भाऊ येत आहेत. चारची वाट कोणी बघत नाही आज. सगळ्या खाटांवर पेढे. आमच्या दोन सोडून.

साडेतीन. नाही.

चार. ओमेश्वरीने हात-पाय धुतले. पिशवी भरून मांडीवर घेतली. मी दाराकडे खाट ओढली आहे. आडवी.

भुवनेश्वरचा फोन लागला! शेतात आहे. पाण्याचा आवाज येतो. म्हणतो, आज मजूर मिळाले जी, उद्या पक्का, उद्या —

दादाला लावला. दुकानात आहे. मागे गिऱ्हाइकं. म्हणतो, हर्षू, पुढच्या आठवड्यात नक्की, ऐक ना, जरा समजून —

ओमेश्वरी उठली. हसते आहे. "भाऊ आला."

दारात भुवनेश्वर नाही. दादा आहे. माझा दादा. फोन अजून कानाला आहे, दादा फोनवर बोलतो आहे, हॅलो हॅलो करतो आहे. आणि दारात दादा, पांढऱ्या शर्टात —

एका हाताने लिहिते आहे. दुसऱ्यात ओमेश्वरीचा हात. मी तिला धरलं होतं, आता तीच ओढते आहे. खाट कोणी बाजूला केली?

ओरडले. सिस्टर बाहेरून म्हणाल्या, चला, आलं ना कोणीतरी. किती सुटल्यासारख्या म्हणाल्या.

त्याने हात पुढे केला आहे. मला माहीत आहे तो दादा नाही. माहीत आहे. आणि त्याला पाहून मला इतकं बरं वाटतं आहे, आयुष्यात एवढं कधी — सोनिकालाही असंच — मी नाही म्हणणार आहे. आमच्या दोघींच्या वतीने मी त्याला नाही म्ह