अविधवा नवमीचे पान

भाद्रपद वद्य षष्ठी, शुक्रवार
बाल्कनीत पक्ष्यांना अन्न ठेवू नये, अशी सोसायटीची सूचना लिफ्टमध्ये लागली आहे. नसती तरी काय? दिल्लीच्या या मयूर विहारात आता कबुतरेच. कावळा पाहून महिना लोटला.
सोमवारी अविधवा नवमी. सौ.ला जाऊन सोळा महिने. दहाव्या दिवशी कावळा शिवला नव्हता. यमुनेच्या घाटावर दोन तास उभे होतो. आमच्या सुधीरने पिंडापुढे हात जोडून एकेक कबूल केले: मुलीचे शिक्षण, बाबांची काळजी, घरातला कुळाचार. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला. त्यास शास्त्राची संमती आहे. मनाची नाही.

सप्तमी, शनिवार
तिची कोणती इच्छा राहिली, हे मला ठाऊक आहे. सुधीरला आजवर सांगितले नाही. अतिदक्षता विभागात, श्वासाची नळी घालण्याच्या आदल्या संध्याकाळी, तिने माझे मनगट धरले. "अहो, मला घरी न्या." दोन दिवस थांब, म्हणालो. त्यानंतर नवव्या दिवशी गेली. घरी आणली, तेव्हा अंगणवजा पार्किंगमध्येच ठेवावी लागली.
उरलेली इच्छा पुरवण्याचे वचन दिले की कावळा शिवतो. हे वचन आता कसे द्यावे? देह म्हणजे जीर्ण वस्त्र, हे चाळीस वर्षे प्रवचनांतून सांगत आलो. त्या वस्त्राला नळ्या लावण्याच्या कागदावर सही माझीच.

नवमी, सोमवार
सूनबाईंनी पहाटे सोवळ्यात स्वयंपाक केला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. सुधीरला ऑफिसची मीटिंग. डबा घेऊन रिक्षाने एकटाच नोएडाच्या तोंडाशी असलेल्या पक्षी अभयारण्यात गेलो. जिथे पक्षी राखले जातात तिथे कावळाही असेल, हा माझा भाबडा तर्क.
दारावरच्या रखवालदाराने डबा उघडायला लावला. आत अन्न नेता येत नाही. नियम योग्यच आहे. कारण सांगितले, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "पंडितजी, यहाँ लोग कौवा देखने नहीं आते." डबा त्याच्या खुर्चीखाली ठेवून आत फिरून आलो. पाणी, पाणकणीस, जांभळ्या पाणकोंबड्या. लांब नळ्यांचे कॅमेरे रोखलेली तरुण मंडळी. कावळा कुठे असतो, असे एकीला विचारले. "अंकल, वो तो हर जगह होता है," ती म्हणाली.
आत नव्हता. बाहेर, चहाच्या टपरीमागच्या भिंतीवर मात्र चार होते. रखवालदारानेच दाखवले. पान मांडले, मागे सरलो. एक उतरला, पानाभोवती फिरला, टपरीवाल्याने टाकलेला पावाचा तुकडा उचलला, गेला.
तासभर. मग खीर आटली.
मी हात जोडले नव्हते. जोडून काय म्हणणार होतो?

एकादशी, बुधवार
उपास. संध्येत आज दोनदा चुकलो. आचमनाची संख्या विसरलो. नामस्मरणाला बसलो की तीच बोटे मनगटावर.
सुधीरने नवमीचे विचारले. शिवला, म्हणालो. इतक्या वर्षांत मुलाशी खोटे…

सर्वपित्री अमावास्या, रविवार
सुधीरला कालच खरे सांगितले, कावळा शिवला नाही एवढेच. तो आज गाडी काढून स्वतः मला घेऊन आला. तीच भिंत. सर्व पितरांचे पान त्याने मांडले. पाऊण तास गेला. मग म्हणाला, "बाबा, आईचं काही राहिलंय का? तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी कबूल करतो."
सांगितले. घरी न्या म्हणाली होती. मी ऐकले नाही.
त्याने पानाची कड सरळ केली.
"मला त्याच दिवशी सकाळी म्हणाली होती," तो म्हणाला. "बाबांना विचारतो म्हटलं. विचारलंच नाही."
आयुष्यभर इतरांच्या शोकापुढे मला काहीतरी सुचत आले.
भिंतीवर दोन कावळे बसलेले होते. खिरीला मुंग्या लागल्या. आम्हा दोघांपैकी कोणीही हात जोडले नाहीत. रखवालदाराने आतून दोन खुर्च्या आणून दिल्या.
आणखी थोडं थांबू या, सुधीर म्हणाला. थांबलो.