फाटकातली पिवळी दोरी

सोमवार, ७
खडी, वाळू, दगड — फाटकापासून पोर्चपर्यंत नुसता पसारा! चिरंजीवांना गाडी आत यायला खऱ्या दगडाचीच वाट हवी. आधीच्या सिमेंटने काय घोडं मारलं होतं?
मिस्त्री मात्र मजेशीर माणूस. एकेक दगड उचलतो, फिरवून बसवतो, नाक मुरडतो, पुन्हा काढतो. म्हटलं, लग्नं जुळवताय का? ‘मग काय! नाही पटलं तर गाडीखाली कुरकुर करतात, काका.’

गुरुवार, १०
सांधे भरून झाले. वाट सुरेख दिसते, कबूल. मिस्त्रीने वर ओली गोणपाटं अंथरली. फाटक कामासाठी काढून ठेवलंय, तिथे पिवळी दोरी बांधली. ‘सांध्यांतला माल घट्ट धरेपर्यंत गाडी बाहेरच. एक चाक गेलं तरी दगड बसेल खाली.’ सगळ्यांना बजावलं, मला दोनदा. मी काय कुक्कुलं बाळ आहे!

शुक्रवार, ११
लिहू नये असं वाटतंय.
नातीला शाळेत सोडून आलो. घरात कोणी नव्हतं. दोरीपाशी थांबायचं, हे पक्कं डोक्यात होतं. पण दोरी आलीच नाही! काहीतरी ताणलं, तुटलं, आणि पुढच्या चाकाखाली मऊ लागलं. उतरून बघतो तर बंपरला पिवळी दोरी लोंबतेय. लख्ख ऊन होतं. मी विसरलो नव्हतो. मला ती दिसलीच नाही.
गाडी मागे घेतली. दोरीला गाठ मारली, गोणपाटं सारखी केली. स्वतःच्याच घरात चोरासारखा. कोणी बघितलं नाही.

शनिवार, १२
दगड खचलेत. मिस्त्री उकिडवा बसून त्यांच्यावरून हात फिरवत राहिला. ‘वरून चाक गेलंय, साहेब.’
मुलगा भडकला. ‘कोणाचं चाक? गाडी बाबा चालवतात! त्यांना काय दोरी दिसत नाही? कच्चं काम करायचं आणि वर आमच्यावर ढकलायचं!’ शेजारच्यांनाही अशीच वाट करून घ्यायची होती. त्यांना आता नको म्हणून सांगतो, म्हणाला. मिस्त्रीचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं.
मी तोंडासमोर पेपर धरून बसलो होतो. त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. तरी तोंड उघडलं नाही.
उघडलं असतं तर डोळ्यांचं बिंग फुटलं असतं आणि किल्ली गेली असती. सकाळी नातीला शाळेत सोडतो, तेवढंच माझं या घरातलं काम. त्यापायी एका माणसाची अब्रू घालवली. लाज वाटते. भयंकर लाज वाटते.

रविवार, १३
सुट्टी असूनही मिस्त्री आला. एकट्यानेच दगड उपसले. मी चहा नेऊन ठेवला. ‘नको’ म्हणाला नाही, प्यायलाही नाही. मी खिडकीतून बघत होतो, चहा निवेपर्यंत.
बोलायला दोनदा गेलो. दोनदा परत आलो!

सोमवार, १४
नातीला सोडून आलो. अगदी सावकाश चालवली. काही झालं नाही. उगाच घाबरतो मी.
उद्या सांगेन.

मंगळवार, १५
सांगायचं ठरवून, किल्ली हातात घेऊन स्वयंपाकघराकडे निघालो. आत सूनबाई नातीला विचारत होती, ‘शाळेत जाताना गाडीत एवढी कशाला ओरडतेस ग? नाक्यावरच्या काकू सांगत होत्या.’
‘लाल, हिरवा सांगते. आजोबांना सिग्नल दिसत नाही ना.’
‘त्यांनी सांगितलं तुला?’
‘नाही! त्यांना वाटतं मी गाणं म्हणते. हळू बोल ना आई, त्यांना कळलं तर वाईट वाटेल.’
मी दारात तसाच उभा. सूनबाईने वर बघितलं. किल्ली तिच्या हातात ठेवली. दोरीचंही सांगितलं, मुलाला हाक मारून, त्याच्यासमोर. तो नातीला जवळ ओढून बसून राहिला.
उद्या मुलगा आणि मी मिस्त्रीकडे जाणार आहोत. गाडी तो चालवेल.