शेपटीकडचा तुकडा

प्रिय बुरुल एजे,

तुमचे गुडघे कसे आहेत? कोचकोरला अजून गारठा असेल. इथे कार्यालयात तुमच्या खिडकीतल्या कुंड्यांना मी सोमवारी आणि गुरुवारी पाणी घालते, तुम्ही घालायचात तसंच. लाल फूल आलंय. सांगायला वळते आणि तुमची खुर्ची रिकामी दिसते.

कालव्यांच्या या कार्यालयात मी आले तेव्हा शिक्का कुठे मारायचा तेही मला कळत नव्हतं. “घाबरट कोकरू,” म्हणून तुम्ही मला शेजारी बसवलंत, आणि थोरल्या बहिणीला म्हणतात तसं एजे म्हणायला लावलंत. जुने साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा तुम्हालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. मग त्या जागेवर बिश्केकहून जिबेकबाई आल्या, चौतीस वर्षांच्या. त्या दिवसापासून चहाच्या वेळी दोन टेबलं झाली, आणि मी मधल्या वाटेवर कप घेऊन उभी.

नोरूजच्या, वसंतातल्या नव्या वर्षाच्या, जेवणाला ताटं लावायचं काम माझ्याकडे आलं. आईनं मला सातव्या वर्षीच शिकवलं होतं : आधी वयं मोज, मग मांस वाट, मेंढीचा शेपटीकडचा तुकडा सगळ्यांत वडील बाईचा. घरी माझी कधी चूक झाली नाही. पण हिशेबनीस असानभाऊ कानाशी आले. म्हणाले, “पोरी, हे घर नव्हे. इथे वयाला नाही, खुर्चीला मान. नोकरी टिकवायचीय ना?” मी तो तुकडा जिबेकबाईंच्या ताटात ठेवला. तुमच्या ताटात बरगडी.

सगळे तुमच्या ताटाकडे पाहू लागले. तुम्ही मात्र हसलात. “वा! माझे दात शाबूत आहेत हे ओळखलंस तर!” जेवणानंतर रीतीप्रमाणे जो तो आपापला वाटा पिशवीत घालून घरी नेत होता. तुमची बरगडी ताटातच राहिली. पिशवीची घडी करून तुम्ही निघालात. पंधरा दिवसांनी राजीनामा आला. कारण लिहिलं होतं, गुडघेदुखी.

परवा जिबेकबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, “त्या दिवशी मान खाली घालून खाल्लं मी. माझ्या आईनं पाहिलं असतं तर मला उंबऱ्यात उभं केलं नसतं. तुला कोणी सांगितलं होतं तसं वाढायला?” मी असानभाऊंचं नाव घेतलं नाही. हात माझाच होता, एजे. कुणीच हुकूम दिला नव्हता. नुसत्या भीतीपायी मी तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बसवलं.

आता तुमच्या जागेवर माझी नेमणूक झाली आहे. कागद खणात आहे, मी सही केलेली नाही. सोमवारी सांगते म्हटलंय. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी कोचकोरला येते आहे. आईनं मेंढी कापायचं ठरवलंय. शेपटीकडचा तुकडा मी स्वतः शिजवून आणीन. दार उघडून मला रागवा, हवं तेवढं रागवा. फक्त तो तुकडा ठेवून घ्या. त्या दिवशी तुम्ही रिकाम्या पिशवीनं घरी गेलात. शनिवारी मला रिकाम्या पिशवीनं परत येऊ द्या.

तुमच्याच शेजारी बसायला आसुसलेली,
बेगिमाय