पाण्याच्या गाण्यातली ती ओळ

मास्तर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा तुमची मुलगी दुकानात आली होती. आता ती स्वतःच आश्रमशाळेत बाई आहे, चष्मा लागलाय, पण उंबऱ्यात थांबून आधी आत कोण बसलंय ते बघायची तुमची सवय तिच्यात जशीच्या तशी उतरली आहे. मोबाईलची कव्हरं न् चार्जर लटकलेले बघून म्हणाली, "काका, कॅसेटी गेल्या का हो सगळ्या?" मी म्हटलं, "कॅसेटी गेल्या, कान आहेत." ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि फोन माझ्यापुढे धरला. कुणीतरी पोरगा तुमचं पाण्याचं गाणं म्हणत होता, मागे नुसता धडधडाट, आणि खाली लिहिलेलं, 'पारंपरिक लोकगीत'. पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेच्या मुली जव्हारच्या कार्यक्रमात तेच गाणार आहेत, आणि निवेदकाच्या कागदावरही तेच, पारंपरिक. "जीपवाले वाजवतात, लग्नात वाजतं, आता फोनवर वाजतं," ती म्हणाली. "बाबांचं नाव मात्र कुठंच नाही. तुम्ही रेकॉर्ड केलंत ते. तुम्ही स्टेजवर उभं राहून सांगा, हे अख्खं गाणं माझ्या बाबांचं. तुम्हाला कोण नाही म्हणणार?"

खरंच कोण म्हणणार होतं? बाजारात कंगवे-टिकल्या विकण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी, 'हो' म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही. पण तिच्या त्या 'अख्खं'पाशी माझी जीभ अडली.

तुमची गाणी बनायची रीत तिला ठाऊक नव्हती, कारण ती तेव्हा लहान होती आणि तुम्ही घरी गाण्याबद्दल बोलायचा नाहीत. मला ठाऊक होती. साखरशेतच्या शाळेत चौथीत तुमच्या हाताखाली होतो तेव्हापासून बघत आलो. भाताची आवणी लागली की तुम्ही नवं गाणं घेऊन शेतावर जायचात आणि चिखलात वाकलेल्या बायांना म्हणून दाखवायचात. तुमचा आवाज म्हणजे दुसऱ्या गिअरात घाट चढणारी एसटी, त्यामुळे बाया आधी पोटभर हसायच्या. मग उचलायच्या. तुम्ही निघून यायचात आणि कापणीपर्यंत त्या गाण्याचं नाव काढायचा नाहीत. कापणीला पुन्हा त्याच बांधावर जाऊन बसायचं आणि गाण्यातलं काय उरलंय ते ऐकायचं. जे उरलं ते तुमचं गाणं. जे गळलं ते गळलं. मी एकदा विचारलं होतं, एवढी मेहनत करून लिहायचं आणि असं सोडून द्यायचं? तुम्ही म्हणालात, "पेरलेलं सगळंच उगवतं का रे?"

दुकानामागच्या खोलीत मी पहिल्यांदा रेकॉर्डिंग करायचं ठरवलं, तेव्हा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. तुम्ही काही न बोलता घरची घोंगडी आणून दिलीत, ती मी खिळे मारून लावली. त्या खोलीत तुमच्या तिन्ही कॅसेट झाल्या. पहिली लग्नाच्या गाण्यांची, दुसरी गौरीच्या नाचाची. तिसरी तारप्याची, आणि तिनं माझा घाम काढला. मला ती लग्नसराईच्या तोंडावर हवी होती, आणि तारपा वाजवणारा म्हातारा म्हणाला, नवं भात देवाला दाखवल्याशिवाय तारप्यात फुंकर मारणार नाही. मी त्याला चहा पाजला, भजी चारली, जीप पाठवतो म्हटलं. त्यानं भजी खाल्ली न् घरी गेला. तुम्ही म्हणालात, "देव तुझ्या दुकानाचं कॅलेंडर बघत नाही." थांबलो. त्या कॅसेटइतकी दुसरी कुठलीच खपली नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

बोलणी खाल्ली ती दुसऱ्या कॅसेटच्या वेळी. सूर्यमाळच्या बायांना जीपनं आणलं होतं, आणि पाण्याचं गाणं चालू असताना एक बाई मधेच खुदकन हसली. मी टेप थांबवली, म्हटलं पुन्हा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसा मी अजून चौथीतच आहे. "बाजारात गिऱ्हाईक हसलं की हाकलायचास का तू? राहू दे ते हसणं. तू नुसतं दुकान ऐकतोस." ते हसणं अजून आहे त्या टेपवर.

आणि त्याच बाईची ती ओळही आहे. तुम्ही आवणीला दिलेलं गाणं मला पाठ होतं. 'पाणी गेलं डोंगराखाली, बाई कुठं गेलं गं' इथवर तुमचं. पुढे तुम्ही लिहिलं होतं, 'चला अर्ज करू गं, धरण मागून घेऊ गं'. मास्तर, त्यात गाण्यापेक्षा मास्तरकीच जास्त होती. कापणीला त्या हसऱ्या बाईच्या तोंडून आलं, 'पाण्याला नाय माहेर गं, ते परत कसं येल गं'. तुम्ही बांधावर मान खाली घालून बसून राहिलात, मग मला म्हणालात, "हे घे. माझं टाक." आज लोक हे गाणं ओळखतात ते त्या ओळीमुळे.

तुमच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबांनी दुसऱ्याचं घेतलं?" मी म्हटलं, घेतलं नाही गं, बायांनी देईपर्यंत थांबले. पण तिला ते पटलं नाही. कसं पटेल, नाव मागायला आली होती आणि हातात भलतंच पडलं. शेवटी म्हणाली, "ती बाई आहे का अजून?"

आहे. रविवारी आम्ही सूर्यमाळला गेलो. पाड्यावर टँकर नुकताच विहिरीत पाणी ओतून गेला होता, बायांची झुंबड उडालेली. म्हातारी झाडाखाली रिकामा हंडा पालथा घालून त्यावर बसलेली. मला ओळखलं. "कॅसेटवाला! पिकलास की रं." मी म्हटलं, "तू कुठं तरणी राहिलीस?" तुमच्या मुलीनं धीर करून विचारलं, आजी, ती माहेरची ओळ तुमची ना? बाबांनी तुम्हाला न विचारता घेतली का?

म्हातारीनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाली, "तुझा बास, आमचा मास्तर, बांधावर बसायचा, ढेकूळ बसतं तसा. आम्ही म्हणू, मास्तर, उठ, मुंग्या चावतील. तो म्हणं, पुन्हा म्हणा. रेकॉर्डला नेलं तवा त्यानं इचारलं, तुझं नाव लावू? म्या म्हटलं, नको, घरचा म्हणंल गाणी गात फिरते. मंग तो म्हणला, तर माझं पण नको."

हे मला माहीत नव्हतं, मास्तर. तुमचं नाव छापायचं राहून गेलं, असंच मी इतकी वर्षं समजत होतो.

तुमची मुलगी चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "आता लावू का आजी? तुमचं, बाबांचं, दोघांचं?"

"माझं नको!" म्हातारी दचकली. "आता म्या गाण्यात टँकर पण घातलाय. टँकरवाल्यानं ऐकलं तर पाड्यावर यायचा नाय. तुझ्या बासाचं लाव, आन् आमचं सगळ्या बायांचं लाव. सगळ्यांवर किती रागावंल?"

गाण्यात टँकर कसा, असं विचारल्यावर ती बसल्या जागी गायला लागली. 'टँकर आला पाहुणा गं, विहिरीत चूळ टाकून गेला गं'. विहिरीवरच्या बायांनी दोर ओढता ओढता पुढचं धरलं. तुमची मुलगीही म्हणायला लागली. आवाज तुमच्यावरच गेलाय, दुसरा गिअर. बाया हसल्या, पण तिला थांबू दिलं नाही.

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "काका, स्टेजवर तुम्ही नका बोलू. मीच सांगेन. मास्तर आणि सूर्यमाळच्या बाया." बरं म्हटलं.

हे लिहिलेलं मी तिलाही दाखवणार नाही. पण एक तुम्हाला सांगतो. मी तिथं तुमच्यासाठी म्हणून गेलो होतो, आणि म्हातारीनं ते नवं कडवं म्हटलं तेव्हा तुमची आठवणसुद्धा झाली नाही. नुसतं गाणं ऐकत होतो.