शेपट्या दिसणारी पिशवी

तोंडवली,
मंगळवार, दुपार

प्रिय दीपिका,

भिकाजीकाकांनी तुला फोन करून जे सांगितलं ते सगळं खरं आहे. तुझी आई, बाबांना जाऊन अकरा वर्षं झालेली बाई, भर सकाळी देवळासमोरून बांगडे घेऊन चालत आली. पिशवीतून पाणी टपकत होतं, शेपट्या बाहेर डोकावत होत्या. काका एकच गोष्ट सांगायला विसरले असतील, ती मी सांगते: बांगडे चांगले ताजे होते. तू फोनवर एवढंच विचारलंस, "आई, कधीपासून?" आणि मी "मग सांगते" म्हणून फोन ठेवून दिला. तिकडे तुझ्या सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात, आणि खरं सांगायचं तर माझी जीभही रेटेना. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवरा गेला की बाईने मासे सोडायचे. तुझ्या आजीने सोडले. सगळे जेवत असताना ती पडवीत वरणभात घेऊन बसायची आणि पाठ आमच्याकडे करायची. मला वाटायचं, तिला वास सोसत नाही. बाबा गेल्यावर मीही सोडले. कुणाला सांगावं लागलं नाही. एक वर्ष काढलं. वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यात समुद्रावर गेले होते, तेव्हा रुक्मिणी पाटी घेऊन बसली होती. तीच रुक्मिणी, जिच्याकडून बाबा तीस वर्षं मासे घेत. तिने माझ्याकडे पाहिलं, चार पेडवे काळ्या पिशवीत घातले, तोंडाला गाठ मारली आणि माझ्या भाजीच्या पिशवीत लाल माठाच्या खाली सारले. मी पैसे दिले आणि निघाले. घरी येऊन दार लावून त्यांचं झणझणीत तिखलं शिजवलं आणि रडत रडत भांडं पुसून खाल्लं.

दहा वर्षं तेच चाललं, बाय. वर माठ नाहीतर मुळा, खाली काळी पिशवी. तळायची हिंमत कधी झाली नाही, कारण तळणीचा वास वाडीभर फिरतो. काटे मागच्या माडाच्या मुळाशी पुरायची. तो माड असा धरला की काका दरवर्षी विचारायचे, "वयनी, ह्या माडाक घालतास तरी काय?" मी म्हणायची, राख. हसू नकोस. मला तेव्हा हसू यायचं, आता स्वतःचाच राग येतो. साठीला आलेली बाई चोरासारखी जेवत होती, आणि ती काळी पिशवी माझ्या बाजूने साक्षीदार होती.

मग या दिवाळीनंतर रुक्मिणीने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी ठरवलं की पिशवी द्यायची नाही. ना काळी, ना पांढरी. मी नेहमीसारखी भाजी घेऊन उभी राहिले, तर म्हणाली, "जानके, आता पिशवी मिळाची नाय. काल रापणीचा जाळा ओढला तर माशांपरास प्लास्टिकच जास्त. मी दिलेली पिशवी माकाच परत येता गो." मी हळूच म्हटलं, माझ्यापुरती एक ठेव. तर ती मोठ्याने म्हणाली, "तुझ्यापुरतीच कित्याक? तुझे मासे काय वेगळे आसत?" चार बायकांनी वळून पाहिलं. मी तशीच परत आले. रुक्मिणीवर मी आठ दिवस रुसले होते.

आठ दिवसांनी झाकणाचा डबा घेतला. झाकण घट्ट, वर फडकं, कुणाला कळणार नाही. उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. पिशवी बंद झाली ती समुद्रासाठी, आणि मी नवीन लपण शोधत होते! कुणापासून? तुझी आजी नाही, बाबा नाहीत. बाबांनी तर जाताना असलं काही मागितलं नव्हतं. त्या माणसाला मी न जेवता राहिलेलं कधी खपायचं नाही.

डबा ठेवला आणि माळ्यावरून वायरची पिशवी काढली. तुला आठवते ना, हिरवी-पिवळी? लग्नानंतर मी पहिल्यांदा विणलेली. बाबा ती सायकलच्या हँडलला अडकवून बाजारात जायचे, आणि तू शेपट्या मोजायला पायरीवर बसायचीस. चाळीस वर्षांत तिची एक वायर सुटलेली नाही. धुतली, उन्हात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन समुद्रावर गेले. रुक्मिणीने आठ बांगडे घातले. हसली नाही की काही नाही, फक्त एक बांगडा वर घातला.

येताना काका देवळासमोर कट्ट्यावर बसले होते. उठून आडवे आले. "वयनी, ह्या काय? लोक बघतत." मी म्हटलं, "बांगडे आसत, भावजी. बघूंदेत. तुमका दोन धाडू?" आणि मी घरी येऊन, दीपिका, बांगडे तळले. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, खिडक्या उघड्या. दोन दिवस शेजारची स्वप्ना बोलली नाही, तिसऱ्या दिवशी कोकमं मागायला आली. जग बुडालं नाही. काका अजून फुगलेले आहेत, राहू देत. माडाला काय घालते तेही आता त्यांना सांगणार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तुझा नवरा, आपला प्रीतम गेल्यावर चौदाव्या दिवशी तुमच्याकडे परत मासे शिजले. तुझ्या सासूबाई लक्ष्मीबाई वाढत होत्या. तुझ्या ताटापाशी आल्या, तुकडा डावात घेतला होता, आणि थांबून त्यांनी मला विचारलं, "विहीणबाई, तुमच्यात कसं असतं?" त्या वाढायला तयार होत्या, बाय. मी एक शब्द बोलले असते तर वाढलं असतं. पंगतीत काका बसले होते, मामेमंडळी बसली होती. मी म्हणाले, "आमच्यात चालत नाही." त्यांनी डाव मागे घेतला. तू ताटाकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस. चौतीस वर्षांची माझी पोर, जी लहानपणी डोक्याच्या तुकड्यासाठी भावाशी मारामारी करायची. आणि दुसऱ्या दिवशी इथे परत आल्यावर मी रुक्मिणीकडे गेले आणि काळ्या पिशवीतून पेडवे आणून खाल्ले. कधीपासून विचारलंस ना? तेव्हाही. तुझं ताट रिकामं करून आले, तेव्हाही. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, पण मासे सोडायचे की नाही ते माझ्या त्या खोट्या शब्दावर ठरवू नकोस.

या पार्सलात वायरची पिशवी आहे. लाल आणि निळी, तुझ्यासाठी नवीन विणली आहे. लक्ष्मीबाईंची चिठ्ठी वेगळी आहे, ती त्यांच्या हातात दे. त्यात मी लिहिलं आहे की त्या दिवशी मी खोटं बोलले, आमच्यात चालतं, माझ्यापासून चालतं. पिशवी पुढच्या दाराच्या खिळ्याला लाव, आत कुठे ठेवू नकोस. रविवारी पहिल्या गाडीने मी येते आहे, माझी हिरवी-पिवळी भरून. कंडक्टर ओरडला तर ओरडू दे. तवा मोठा काढून ठेव, खिडक्या उघडून ठेव, आणि डोक्याचा तुकडा तुझा.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली,
आई