दोन टाके आणि मुठ्यांचं कालवण

मंगळवार, ८ जुलै
शहापूरला अक्कलदाढ काढली. दोन टाके. डॉक्टर मॅडम तीनदा म्हणाल्या, थुंकू नका, स्ट्रॉ वापरू नका, काही चोखू नका, कमी बोला. सुशिक्षित माणसाला एकदा पुरतं. रविवारी डोळखांबला मनस्वीला बघायला जायचंय. आधीच्या दोन ठिकाणांहून नकार आला. यावेळी सकुआत्यानं सांगून ठेवलंय, पोरगा बोलण्यात हुशार आहे. म्हणजे तोंड फिट हवंच. आजपासून कडक शिस्त.

बुधवार
डावा गाल सुजलाय. त्या बाजूनं तब्येत सुधारल्यासारखी दिसते. आई म्हणाली, बोलू नको. बोलणं का वाईट असतं ते तिला दुपारभर समजावून सांगितलं.

गुरुवार, संध्याकाळ
महिपतकाकांनी बांधावरून मुठे पकडून आणले. पावसाळ्यातले खेकडे, आईच्या हातचं कालवण. डॉक्टरांनी पातळ खायला सांगितलंय. रस्सा पातळच असतो. फक्त रस्सा.

गुरुवार, जेवणानंतर
नांग्या चावाव्या लागत नाहीत, आतलं ओढून घेतलं की झालं. शिवाय उजवीकडून ओढलं. टाके डावीकडे आहेत.

शनिवार
कानापर्यंत ठणका. जखम जोरात भरत असणार. मी तोंड उघडलं की आई खुर्ची मागे घेते.
शहापूर गाठलं. मॅडम म्हणाल्या, खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेलीय, तिच्यावरच नवं मांस धरतं. काय चोखलं, विचारलं. काही नाही, म्हणालो. त्यांनी चिमट्यानं खड्ड्यातून मुठ्याच्या कवचाचा तुकडा काढून ट्रेमध्ये ठेवला. तो कुठून आला कळत नाही. लवंगेच्या वासाचं औषध भरलं. आता जबडाच उघडत नाही.

रविवार
डोळखांब. एक शब्द बोलता आला नाही. गालावर रुमाल धरून मान हलवली. पगार, शेती, सगळं आत्यानंच सांगितलं. मनस्वीनं विचारलं, तुमाला काय विचारायचं नाय का? नाही म्हणून मान हलवली, तर ठणक्यानं डोळ्यांत पाणी आलं. तीही जरा हळवी झाली. आवडली मला. खरंच आवडली.
संध्याकाळी निरोप आला, पोरगा शांत आहे, समजूतदार आहे, पसंत. माझी पर्सनॅलिटी न बोलताही दिसते तर!

बुधवार, १६ जुलै
टाके निघाले. जबडा उघडला. आत्याकडून नंबर घेऊन मनस्वीला फोन केला. रविवारची सगळी भरपाई केली. दाढ, माझी सहनशक्ती, आधीच्या दोन मुलींच्या चुका, लग्नानंतर तिनं काय काय शिकावं, सगळं व्यवस्थित सांगितलं. ती मधे मधे फक्त "बरं" म्हणाली. संस्कारी मुलगी. चार्जिंग संपलं नसतं तर अजून बोललो असतो.

शुक्रवार
आत्याचा फोन. नकार.
कारण विचारलं. आत्या म्हणाली, "मनस्वी सांगते, रविवारी आलेला तो पोरगा पसंत हाय. फोनवरचा नको."
ते दोघेही मीच, असं सांगायला गेलो. आत्यानं फोन ठेवला होता.