समोरची नवी इमारत

१ मार्च, हॅरो, लंडन

समस्त मानवजातीवर घोर अन्याय: समोरच्या हायस्कूलच्या नव्या इमारतीने माझ्या स्वयंपाकघरातलं ऊन खाल्लं.

पण संध्याकाळी शाळाप्रवेश ठरवणाऱ्या कौन्सिलचा ईमेल आला आणि जीव भांड्यात पडला. ईराला त्याच शाळेत जागा! वर्ग वाढले नसते तर लेक वेटिंग लिस्टवरच राहिली असती. वर्ग वाढले कशामुळे? नव्या इमारतीमुळे. आणि तिच्याविरुद्धच्या अर्जावर पहिली, ठसठशीत सही कुणाची? माझीच.

शेजारच्या देशपांडेकाकू इमारतीच्या बाजूने दारोदार सह्या मागत होत्या. त्यांच्या मुलाच्या वेळी तिथे पत्र्याचे तात्पुरते वर्ग होते. मग हॉल, मग लॅब, आता ही इमारत.

"काकू, तुमची नातवंडं तर ग्लासगोला," मी टोमणा मारला होता.

"तुझी लेक इथेच आहे ना गं?"

आत्ताच जाऊन त्यांना 'चुकले' म्हणून आले. "बस, चहा टाकते," एवढंच बोलल्या.